बिघडलेल्या मालाचं तोरण

आमचे मालक टँकरचं पाणी चाखून घ्यायचे. टँकर गाळ्याच्या दाराशी लागला की ते खुर्चीतून उठत, पाइपाखाली ओंजळ धरत, एक घोट तोंडात घोळवत आणि गटारात थुंकत. मग निकाल द्यायचे.

"पानी खारा हाय. परत ने."

"सेठ, मीठा पानी है, वरसावे के कुएँ का है," ड्रायव्हर गळ्याला हात लावून सांगायचा.

"तेरा कुआँ खाडी में है क्या?"

टँकर परत जायचा. दुसरा येईपर्यंत आमचं काम बंद. आम्ही बायका पोत्यांवर बसून घ्यायचो. पाणी प्यायला लागत नव्हतं. आमचा कारखाना प्लॅस्टिकचा. गरम प्लॅस्टिक साच्यात दाबलं की तो साचा थंड ठेवायला आतून पाणी फिरवावं लागतं, त्यासाठी ते. साच्यासाठी पाण्याची चव घेणारा माणूस अख्ख्या भाईंदरमध्ये दुसरा नव्हता. शेजारच्या गाळ्यांतले लोक हसायचे. मीही हसायचे.

मालकांच्या घरची पिढीजात मिठागरं होती. ती बंद पडत गेली, काही जमीन विकली गेली, उरली तिच्यावर भाईंदर पूर्वेला गाळे उभे राहिले. भाऊबंदांनी आपापल्या वाट्याचे गाळे भाड्याने दिले. यांनी दोन गाळे स्वतःकडे ठेवले आणि तीन मशीनं लावली. का, ते कोणालाच कळलं नाही. भाडं खाऊन सुखात बसता आलं असतं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, पायात रबरी चप्पल आणि टेबलाच्या खणात खड्यांच्या मिठाची बाटली. चहात ते मिठाचा एक खडा टाकत. मी एकदा पिऊन पाहिला. पुन्हा प्यायले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तिथे लागले. बारावी झाले होते. वडील परभणीकडून येऊन एका सरकारी कचेरीत शिपाई झालेले, भाईंदरला चाळीत आमची एक खोली. मालकांनी माझी गुणपत्रिका बघितलीसुद्धा नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गेल्या हप्त्यात काय बिघडवलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. नोकरी मागायला गेलेली मुलगी दुसरं काय सांगणार?

"मंग शिकलीस काय?"

मला राग आला. म्हणून खरं ते सांगून टाकलं, की बहिणीचा ब्लाऊज शिवताना एक बाही उलटी लावली. ते पुढे सरकले. उलटी कशी लागली? कापड दोन्हीकडून सारखं दिसतं म्हणून? खूण केली नव्हती? खूण खडूची की टाक्याची? पंधरा मिनिटं त्या बाहीवर गेली. शेवटी म्हणाले, "उद्यापासून ये. माल तपासायचा."

गाळ्याच्या दारावर तोरण होतं. आंब्याच्या पानांचं नव्हे, बिघडलेल्या मालाचं. तांब्याच्या तारेत ओवलेली अर्धवट भरलेली झाकणं, वाकडे कप, एकमेकांना चिकटलेल्या क्लिपा, जळून काळा पडलेला एक चमचा. नवीन चूक झाली की तिचा नमुना तारेत जायचा. दसऱ्याला मशीनांची पूजा झाली की ते तोरणालाही हळदकुंकू लावायचे. माल बघायला आलेला व्यापारी आधी ते तोरण बघायचा. "ये क्या है? तुम्हारा माल ऐसा बनता है?" असं विचारून काहीजण तिथूनच परत गेले. मालकांना त्याचं काही वाटायचं नाही. "ज्याला दारावरचा बघवत न्हाय, त्याला आतला काय कलनार?"

आणि त्यांची एक रीत होती. ज्याच्या हातून माल बिघडला, त्याने जेवणाच्या सुट्टीआधी येऊन सांगायचं. सांगितलं की मालक स्वतः स्टोव्ह पेटवून चहा करायचे, त्या माणसाला आपल्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः समोर प्लॅस्टिकच्या दाण्याच्या पोत्यावर बसायचे. चहा पिऊन झाला की म्हणायचे, "आता परत करून दाखव."

म्हणजे तीच चूक पुन्हा, सगळ्यांसमोर, मुद्दाम करायची. जमली नाही तर म्हणायचे, "आजून कललं न्हाय. बस." जमली तर खूश. त्यांचं एक वाक्य मला आजही पाठ आहे. "चूक परत करता आली तं ती चूक न्हाय, ती रीत झाली."

हे ऐकायला छान वाटतं. रोज त्यात काम करणाऱ्याला ते तितकंसं छान नसतं. एकदा चूक परत करून दाखवताना साचाच मोडला आणि आठवडाभर मशीन बंद राहिलं. निम्म्या चुकांमधून काहीही निघायचं नाही. पंख्याचा वारा लागला, लाइट गेली, असलं काहीतरी असायचं. पण एकदा निघालं, आणि त्यावर आमचा कारखाना उभा राहिला.

त्या वेळी भाईंदरला पाणी दिवसाआड यायचं. प्रत्येक घरात निळं पिंप, पिंपाला खाली प्लॅस्टिकचा नळ आणि नळाखाली ठिबकणारं पाणी धरायला तांब्या. आमच्या कारखान्यातल्या नळाखाली आमच्याच घरी तांब्या होता. नळ पिंपाला जिथे बसतो तिथला वायसर कडक असायचा, आणि पिंपाचं भोक कुणी विस्तवावर तापवलेल्या सळईने पाडलेलं, वेडंवाकडं. ते दोन्ही एकमेकांना धरत नसत.

आमचा मशीनवाला रामदुलार एका सकाळी मालकांसमोर हात जोडून उभा राहिला. "मालिक, गलती हो गयी."

आदल्या दिवशी त्याने मशीनवर चपलांच्या पट्ट्या काढल्या होत्या. त्यांचा मऊ दाणा मशीनमध्ये तसाच राहिला आणि तो साफ न करता त्याने वायसरचा दाणा वर ओतला. पोतंभर वायसर मऊ, हिरवट आणि लिबलिबीत निघाले होते.

चहा झाला. रामदुलार खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता, मालकांच्या खुर्चीत मागे रेलायचं कसं?

"आता परत करून दाखव."

"फिर से? जान-बूझ के?"

"और क्या! रोज करता है, आज शरम आती है?"

दोन दिवस लागले. किती मऊ दाणा राहिला होता ते कोणालाच माहीत नव्हतं. मूठभर घालून बघ, दोन मुठी घालून बघ. शेवटी रामदुलारच्या अडीच मुठींना तोच हिरवट वायसर निघाला. मी त्यातला एक घरी नेऊन आमच्या पिंपाला लावला. सकाळी उठून पाहिलं तर तांब्या कोरडा. आईने पुन्हा पुन्हा आत बोट फिरवून पाहिलं.

पुढची कितीतरी वर्षं आमचा न ठिबकणारा नळ मुंबईपासून सुरतेपर्यंत गेला. तीन मशीनांची नऊ झाली. दाण्याचं माप काट्यावर आलं, तरी त्याला सगळे 'रामदुलार मूठ' म्हणायचे. पहिला हिरवट वायसर तोरणाच्या मधोमध होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मालकांचे गुडघे गेले, साखरही वाढली. त्यांना एकच मुलगी. जावई मॅनेजमेंट शिकलेला, एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आला आणि कारभार बघू लागला. त्याच्याबद्दल लोक नंतर वाटेल ते बोलले, म्हणून मी आधी हे सांगते. बायकांसाठी वेगळा संडास त्याने बांधला. मालकांना इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं. प्रॉव्हिडंट फंडाचे कागद त्याने केले. मला सुपरवायझर त्याने केलं, आणि वर्षभरात सगळ्या मशीनांचं काम माझ्याकडे देणार असं सांगितलं. आमच्या पट्ट्यात तोवर कुठल्याही कारखान्यात इनचार्ज बाई नव्हती. मला ती जागा हवी होती. फार हवी होती.

त्याने पाणी फिल्टर विकणारं एक मोठं गिऱ्हाईक आणलं. त्या कंपनीचे लोक कारखाना बघायला येणार होते. आदल्या दिवशी जावई म्हणाला, "मामा, ते तोरण तेवढं काढू या का? आणि उद्या टँकर आला तर त्यांच्यासमोर ते पाणी चाखणं..."

मालकांनी वाद घातला नाही. स्टूल मागवलं, चढले, तोरण काढलं, पोत्यात भरलं आणि पोतं टेबलाखाली सरकवलं. टँकरची चव घेणंही त्या दिवसापासून बंद झालं. काहीतरी म्हणतील, निदान एक टोमणा मारतील, म्हणून मी वाट पाहत होते. ते खणातलं मीठ काढून चहात टाकत राहिले. पुढे त्यांचं गाळ्यावर येणंही कमी झालं.

तोरणाच्या जागी फळा आला. फळ्यावर सगळ्यांची नावं. माल बिघडला की नावापुढे लाल ठिपका. तीन ठिपके झाले की मशीनवरून उठून पिशव्या भरायच्या. महिनाअखेरीला ज्या विभागाला ठिपके कमी, त्याला भिंतीवरचं घड्याळ. लागोपाठ दोन महिने ते घड्याळ माझ्या विभागाला मिळालं. सुरुवातीला माल खरंच सुधारला होता. फरशी स्वच्छ, सगळे वेळेवर, बोलणं कमी.

तिसऱ्या महिन्यात रोझी माझ्याकडे आली. ती उत्तनजवळच्या पालीची, घरची होडी होती. पहाटे मासळीचं आवरून कामाला यायची. माझ्याआधीपासून कामाला होती आणि तिची नजर घारीची. हातात आदल्या दिवशीचा नळ होता.

"बाय, ही रेग बग."

आट्यांपाशी केसाएवढी रेघ होती. नखाने लागायची, डोळ्याला जेमतेम दिसायची.

"काल नव्हती," मी म्हटलं.

"काल नव्हतीच. रात्रीतनं येते. धा नळांतल्या दोनांना हाय."

पूर्वी असतं तर मी तो नळ घेऊन थेट मालकांच्या टेबलाशी गेले असते. आता टेबल रिकामं होतं आणि समोर फळा होता. रेघ सांगितली तर ठिपके रोझीला, रामदुलारला आणि माझ्या विभागाला. महिना संपायला नऊ दिवस होते. मी रोझीला म्हटलं, "दिसतील तेवढे डब्यात टाक. जाताना खाडीत फेक." माझ्या हातातला नळ मी माझ्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

ती परत मालाशी बसली. मग म्हणाली, "तू म्हनशील तसा." तिच्या आवाजातला तो परकेपणा मला तेव्हाच कळला होता. मी तो बाजूला ठेवला.

घड्याळ तिसऱ्यांदा आम्हाला मिळालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी ट्रक परत आला. फिल्टरांना लावलेले नळ घराघरांत आट्यांपाशी फुटले होते. कंपनीने सगळा माल दारात टाकला, वर पत्र. दोन गाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आमच्या नळांचा ढीग उभा राहिला, माझ्या उंचीचा.

जावयाने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. कोणालाच काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी तसंच सांगितलं. फळ्यावर तर ठिपके नव्हतेच, मग दोष शोधायचा कुठे? शेवटी त्याने रामदुलारचं नाव काढलं, कारण मशीन त्याचं. शनिवारी त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवायचं ठरलं. त्या दिवशी बुधवार होता. रामदुलार मशीन पुसत राहिला.

गुरुवारी सकाळी मालक आले. काठी टेकत आले, स्टोव्ह पेटवला, चहा केला. आपली खुर्ची पुढे ओढली, तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि स्वतः पोत्यावर बसले. कोणाला हाक मारली नाही. सगळ्या मशीनांवरून ती रिकामी खुर्ची दिसत होती. जेवणाची सुट्टी झाली. मालकांनी गार चहा गटारात ओतला आणि घरी गेले.

शुक्रवारी पुन्हा तेच. स्टोव्ह, चहा, खुर्ची, पोतं. मी माल तपासत होते आणि एकही नळ मला धड दिसत नव्हता. रोझी माझ्या बाजूला होती. तिने रामदुलारकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. साडेअकराच्या सुमाराला मी उठले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

"पी," मालक म्हणाले. चहात मीठ होतं. मी संपवला.

"आता परत करून दाखव."

काय करून दाखवणार? रेघ माझ्या हातून पडली नव्हती. मग कळलं, की ते रेघेबद्दल विचारत नव्हते. मी बाहेर गेले, ढिगातला एक नळ उचलला, आत आले आणि सगळ्यांसमोर तो पर्समध्ये टाकला. चेन लावली. तिचा आवाज एवढा मोठा येतो हे मला माहीत नव्हतं, कारण मशीनं कोणीतरी बंद केली होती.

"हां," मालक म्हणाले. "कवापासना?"

"महिना झाला."

"तिनं एकटीनं न्हाय केला," रोझी मागून म्हणाली. तिनेही एक नळ आणला होता. तिने जेवणाचा डबा उघडला, नळ आत ठेवला आणि झाकण दाबलं. "मी पन केलाय. रोज."

जावई केबिनच्या दारात उभा होता. "मामा, ही चूक नाही. ही फसवणूक आहे."

"हाय," मालक म्हणाले. "आनि तुना त्या फल्याव दिसली न्हाय."

मग ते पुन्हा रोझीकडे वळले, जणू दुसरं काही झालंच नव्हतं. रेघ कधी येते? रात्रीतून. सगळ्या नळांना? नाही, एका बाजूलाच. कोणती बाजू? साच्याच्या भिंतीकडची. कधीपासून? रोझी विचार करून म्हणाली, "टँकरवाला बदलला तवापासना." रामदुलार पुढे येऊन म्हणाला, "मालिक, उस तरफ साँचा गरम रहता है. मैं समझा मेरा वहम है." मालक काठी टेकत टाकीपाशी गेले, ओंजळ भरली, तोंडात घोळवली आणि थुंकले.

रामदुलारने साचा खोलला. त्या बाजूच्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या. थंडावा पोचत नव्हता. नळ एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने उशिरा आकसत होता आणि आटे चिरत होते. मालकांनी तो पांढरा थर नखाने खरवडून जिभेवर ठेवला.

"आमच्या घरचाच हाय," म्हणाले.

 आधी रोझी हसली आणि मग सगळेच.

महिनाभर न सापडलेलं कारण अर्ध्या तासात सापडलं होतं. त्याचे तुकडे आमच्या तिघांकडे होते आणि आम्ही ते वेगवेगळे लपवून बसलो होतो. आता मी ज्या कंपनीत आहे, तिथे दरवर्षी हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर असतं. मोठ्या पडद्यावर दाखवतात, की मोकळेपणा असला की नव्या कल्पना येतात. बरोबर आहे. पण कल्पना नंतर येतात. आधी खारं पाणी कळावं लागतं.

रामदुलारचं जाणं रद्द झालं. इनचार्जची जागा मला मिळाली नाही. योग्यच झालं, मिळाली ती रोझीला, आणि तिने माझ्यापेक्षा बरी सांभाळली. ते मोठं गिऱ्हाईक परत आलं नाही. मालकांच्या रीतीने ते परत आणलं, असं सांगायला मला आवडलं असतं.

त्या शुक्रवारी सुट्टीची घंटा झाली तरी कोणी जेवायला बसलं नव्हतं. जावई मालकांसमोर आला. म्हणाला, "मामा, मग आता माझी खुर्चीची पाळी का?"

"थांब. आदी माजी," मालक म्हणाले. ते उठले, स्वतःच्याच खुर्चीत बसले आणि बाटलीतला खडा तोंडात टाकला. "तोरन मी काढलेला. तुनी सांगितलास, मी काढला. बोललो न्हाय काय. ही बी लपवनंच." मग टेबलाखालून पोतं ओढायला सांगितलं. "परत करून दाखवायचा तं आदी लावाया लागंल."

त्यांनी स्टूल मागवलं. त्या गुडघ्यांनी चढू नका, असं आम्ही म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. जावयाने स्टूल दोन्ही हातांनी धरलं. "घट धर रं," मालक म्हणाले. तारेची दोन्ही टोकं खिळ्यांना गुंडाळली. मधोमध हिरवट वायसर, बाजूला वाकडे कप, जळका चमचा. मी पर्स उघडून आतला नळ वर दिला, रोझीने तिचा दिला. त्यांनी तेही ओवले.

तोरण लागलं. मालकांनी वरूनच एकदा सगळीकडे बघितलं आणि जावयाच्या खांद्याला धरून खाली उतरले.

तोरण काढायची चूक त्यांनी परत करून दाखवलीच नाही. कोणी आठवणही करून दिली नाही.